स्वस्त पॉलिशर म्हणजे कच्चा पॉलिशर?

गाडीचा रंग घासून चमकवायच्या यंत्राबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरं. ही यंत्रं मुख्यतः दोन जातींची : रोटरीचा पॅड एकाच जागी गोल फिरतो, ड्युअल अ‍ॅक्शनचा फिरता फिरता बाजूला घिरट्याही घालतो, आणि त्या घिरटीची रुंदी म्हणजे थ्रो. बऱ्याच पत्रांचा रोख एकच आहे : कमी किमतीचा घेतला तर पैसे पाण्यात जातील का?

प्रश्न : दोन ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर पाहिले. दोन्ही १५ मिलिमीटर थ्रोचे, दोन्हींना १ ते ६ अशी वेगाची चकती, वजनही जवळपास सारखं. किमतीत मात्र चौपटीचा फरक. वर्षातून एकदा-दोनदा स्वतःचीच गाडी करायची आहे. स्वस्तातला घेतला तर फसगत होईल का?

उत्तर : तुमच्या वापराला स्वस्तातला चालेल, पण डोळे झाकून उचलू नका. चौपट पैसे नेमके कुठे जातात ते कळलं की तडजोड कशावर करायची तेही कळेल.

बाहेरच्या खोक्यावरून काही ठरत नाही. एकाच कारखान्यातून निघालेलं यंत्र रंग आणि स्टिकर बदलून वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, तेव्हा जास्तीच्या किमतीतला काही भाग नुसता नावाचा असतो. खरा फरक आत असतो, आणि सगळ्यात आधी तो बेअरिंगमध्ये असतो. वेग मिनिटाला ४,५०० ठेवला तर तासाभरात डोकं २ लाख ७० हजार फेऱ्या मारतं, तेही पॅडमधून उडणाऱ्या कंपाउंडच्या (रंग घासणाऱ्या लेपाच्या) भुकटीत. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं चांगलं बेअरिंग ही भुकटी सहसा आत घेत नाही. हलक्या बेअरिंगचं ग्रीस लवकर सुकतं, मग आतल्या गोळ्या खरखरायला लागतात आणि पॅडला हेलकावा येतो.

दुसरा फरक तोलाच्या वजनात. १५ मिलिमीटर थ्रो म्हणजे पॅडचा मध्य मोटरच्या मध्यापासून साडेसात मिलिमीटर बाजूला. हे एका बाजूला गेलेलं वजन सावरायला डोक्याच्या आत उलट बाजूला लोखंडी तुकडा बसवलेला असतो. तो पॅड आणि बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिच्यावर चिकटतो त्या चकतीच्या) वजनाशी जुळला तर यंत्र हातात शांत चालतं. २० ग्रॅमचीही चूक असेल तर काय होतं? ४,५०० च्या वेगाला त्या २० ग्रॅमचा जोर साडेतीन किलोच्या आसपास भरतो आणि तो सेकंदाला ७५ वेळा दिशा बदलतो. हाताला मुंग्या येतात त्या याच्या. महाग कंपनी प्रत्येक मापाच्या प्लेटसाठी वजन वेगळं जुळवते. स्वस्त यंत्रात बऱ्याचदा एकच तुकडा सगळ्या मॉडेलना लावलेला असतो.

तिसरा फरक वेगाच्या सर्किटचा. चांगल्या यंत्रात मोटरच्या शाफ्टच्या टोकाला छोटं चुंबकी कडं असतं. शेजारचा सेन्सर फेऱ्या मोजत राहतो आणि पॅड दाबल्यावर वेग पडू लागला की सर्किट तेवढी वीज वाढवून देतं. स्वस्त यंत्रातली चकती पंख्याच्या रेग्युलेटरच्या जातीची : दाबलं की वेग पडला, उचललं की चढला. डोळे मिटून ऐकलं तरी कळतं, आवाज सारखा वरखाली होत राहतो.

चौथी गोष्ट म्हणजे सुटे भाग, आणि खरेदीच्या वेळी नेमकं तेच कोणी विचारत नाही. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे), बॅकिंग प्लेट आणि स्विच वेगळे मिळत नसतील तर ते यंत्र कितीही स्वस्त असलं तरी एकदा वापरून टाकायचंच समजा.

आता फरक कुठे नसतो तेही सांगायला हवं. रंगावरचा ओरखडा कंपाउंडमधले कण आणि पॅडचा फोम काढतात, यंत्र त्यांना नुसतं फिरवतं. चांगला पॅड, चांगलं कंपाउंड आणि धीमा हात असेल तर स्वस्त ड्युअल अ‍ॅक्शनने केलेलं बॉनेट आणि महागड्याने केलेलं बॉनेट शेजारी ठेवून ओळखणं कठीण जाईल. महागड्याने ते लवकर होईल आणि संध्याकाळी मनगट दुखणार नाही. वर्षाला दहा-बारा तास काम असणाऱ्याला हा फरक सोसतो, रोज गाड्या करणाऱ्याला सोसत नाही.

प्रश्न : स्वस्त यंत्रावर १,२०० वॅट लिहिलंय आणि महागड्यावर ५००. मग जास्त ताकदीचं कुठलं?

उत्तर : नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असा प्रकार या आकड्यांत फार चालतो. वॅट म्हणजे मोटर वीज किती ओढते त्याचा आकडा. त्यातली पॅडपर्यंत किती पोचते आणि उष्णता होऊन किती वाया जाते हे त्यात येत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा कधी कधी मोटर अडकल्यावर क्षणभर ओढलेल्या विजेचा असतो. सतत काम करताना ती तेवढी कधीच ओढत नाही.

पडताळा सोपा आहे. यंत्राच्या पोटावर धातूची किंवा चिकटवलेली पट्टी असते, तिच्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणा. २३० व्होल्ट आणि ३ अँपिअर असेल तर ६९० वॅट झाले. खोक्यावर १,२०० आणि पट्टीवर ६९० असेल तर पट्टीचं खरं माना. पट्टीवर अँपिअरही नाहीत, वॅटही नाहीत, फेऱ्याही नाहीत, असं यंत्र दुकानातच ठेवून या.

शिवाय ड्युअल अ‍ॅक्शनला मोठी मोटर लागतच नाही. रूपेस या इटालियन कंपनीचा बिगफूट मालिकेतला २१ मिलिमीटर थ्रोचा एलएचआर २१ ईएस ५०० वॅटचा आहे आणि व्यावसायिक तो दिवसभर चालवतात. कारण त्याचा पॅड बेअरिंगवर मोकळा असतो, दाब वाढला की तो फिरायचा थांबतो, मोटरवर ओझं येत नाही. गिअरने सक्तीने फिरणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी. फ्लेक्स या जर्मन कंपनीचं तसं यंत्र ८ मिलिमीटर थ्रोचं असूनही ९०० वॅटचं आहे, कारण पॅड कितीही दाबला तरी मोटरला तो ओढत न्यावाच लागतो. तेव्हा वॅटची तुलना करायचीच तर एकाच जातीच्या दोन यंत्रांत करा.

प्रश्न : ड्युअल अ‍ॅक्शनपेक्षा रोटरी आणखी स्वस्त मिळतोय. कामही लवकर होतं म्हणतात. तोच घेऊ का? घरी ग्राइंडर आहे, त्याला पॅड लावला तर?

उत्तर : ग्राइंडरचं आधी. नको, कुठल्याही परिस्थितीत नको. नेहमीचा ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो. त्यावर १२५ मिलिमीटरचा पॅड चढवला तर पॅडची कड सेकंदाला ७२ मीटर वेगाने रंगावरून जाते. रोटरी पॉलिशरवर १८० मिलिमीटरचा पॅड ६०० फेऱ्यांवर चालवला तर हाच वेग ५.७ मीटर भरतो आणि १,५०० फेऱ्यांवर १४ मीटर. यावरून अंदाज घ्या. ग्राइंडरखाली रंग दोन-तीन सेकंदांत जळतो, आणि त्याआधी पॅड फाटून तोंडावर आला नाही तर नशीब. वेगाची चकती असलेले ग्राइंडरही बहुधा २,८०० च्या खाली येत नाहीत.

आता रोटरी. आमचं मत स्पष्ट आहे : ड्युअल अ‍ॅक्शन स्वस्त चालेल, रोटरी स्वस्त नको. रोटरीचा पॅड एकाच जागी गोल फिरतो आणि कधी थांबत नाही, म्हणून सगळी उष्णता एका पट्ट्यात साठते. ती काबूत ठेवायला दोन गोष्टी हव्यात : ६०० ते ७०० पर्यंत खाली येणारा वेग आणि दाबल्या-उचलल्यावर न बदलणारा वेग. स्वस्त रोटरीत नेमक्या याच दोन गोष्टी कापलेल्या असतात. त्याचा सगळ्यात कमी वेग १,००० किंवा त्याहून वरचा, आणि स्विच दाबल्याबरोबर तो झटक्याने पळतो. सुरुवातीलाच पॅडवरचं कंपाउंड दारावर, काचेवर आणि तुमच्या शर्टावर शिंतोडे होऊन बसतं. हळूहळू वेग घेणारी सॉफ्ट स्टार्टची सोय नसलेला रोटरी नवशिक्याने हातातही घेऊ नये.

तरीही घेतलाच तर स्पिंडलचे, म्हणजे प्लेट चढते त्या दांड्याचे, आटे बघा. बाजारात दोन मापं जास्त दिसतात, एम १४ आणि पाच-अष्टमांश इंच. पहिलं १४ मिलिमीटर, दुसरं जवळजवळ १५.९. एकाची प्लेट दुसऱ्यावर बसत नाही, आणि जबरदस्तीने अर्धा वेढा चढवली तर आटे मरतात. स्वस्त रोटरीबरोबर येणारी प्लेट आधी रिकामी फिरवून बघा. तिची कड डुगडुगताना दिसली तर ती फेकून द्या, दुसरी घ्या.

प्रश्न : दुकानात यंत्र हातात घेऊन नेमकं काय तपासायचं?

उत्तर : पाच-सात मिनिटं द्या आणि प्लग लावून द्यायला सांगा. नाही म्हणणाऱ्याकडे घेऊ नका.

प्लग लावायच्या आधी बॅकिंग प्लेट दोन बोटांनी धरून वरखाली आणि डावीउजवी हलवा. टक-टक असा ढिला आवाज आला तर बेअरिंग नवं असतानाच सैल आहे. मग तीच प्लेट बोटाने फिरवून सोडा. ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये ती स्वतःभोवती गुळगुळीत फिरत थांबली पाहिजे. मध्येच अडखळली किंवा वाळू असल्यासारखं बोटाला जाणवलं तर दुसरा नग मागा. एकाच मॉडेलच्या दोन नगांत केवढा फरक असतो ते इथे दिसतं, आणि स्वस्त मालाची खरी अडचण हीच आहे. चांगला नगही निघतो, पण कारखान्यात तपासणी कमी असल्याने निवडायचं काम तुमच्याकडे येतं.

मग पॅड लावून चालू करा. नुसती प्लेट फिरवून कंपनांचा अंदाज घेऊ नका, कारण तोल पॅडसकट जुळवलेला असतो. १ पासून ६ पर्यंत प्रत्येक वेगावर वीस-तीस सेकंद थांबा. १ आणि २ मध्ये काही फरक नाही आणि ३ वर एकदम उसळी, असं होत असेल तर चकती नावाला आहे. ६ वर दोन मिनिटं चालवून डोक्याच्या धातूच्या भागावर हात ठेवा. कोमट ठीक, पण हात ठेववत नसेल तर गिअर किंवा बेअरिंग घासतंय. नव्या मोटरला पहिल्या मिनिटात किंचित वास येतो, जळक्या वार्निशचा वास मात्र यायला नको. मागच्या जाळीतून आत बघा. कार्बन ब्रशपाशी बारीक निळसर ठिणग्या चालतात, मोटरभोवती नारिंगी कडं फिरताना दिसलं तर चालत नाही.

वायर किमान चार मीटर हवी आणि रबराची असेल तर उत्तम, कडक प्लास्टिकची वायर गाडीच्या कोपऱ्याला अडकते आणि रंगावर घासते. पट्टीवर चौकोनात चौकोन अशी दुहेरी इन्शुलेशनची खूण बघा. ती नसेल तर प्लगला अर्थिंगची पिन असायलाच हवी.

शेवटी ब्रश, प्लेट आणि बेअरिंग सुटे मिळतात का ते विचारा. ‘मिळतील की’ या उत्तरावर समाधान मानू नका, ब्रशची एक जोडी तिथेच विकत मागा.

प्रश्न : स्वस्त ड्युअल अ‍ॅक्शन घेतला. हवेत छान फिरतो, बॉनेटवर टेकवला की पॅड फिरायचा थांबतो, नुसता थरथरतो. परत करू का?

उत्तर : लगेच नको, यातले निम्मे दोष यंत्राचे नसतात.

प्लेटच्या कडेवर काळ्या मार्करने एक उभी रेघ मारा. काम करताना ती रेघ डोळ्यांना फिरताना दिसली पाहिजे. दिसली नाही तर पॅड थांबलाय आणि त्या क्षणापासून ओरखडे निघत नाहीयेत, फक्त उष्णता तयार होतेय. सपाट जागी, वेग ४ किंवा ५ वर, यंत्राच्या वजनाइतकाच दाब ठेवून बघा. फिरला तर मघाशी तुम्ही जास्त दाबत होता किंवा पॅड तिरका धरत होता. एका कडेवर जास्त वजन आलं की मोकळा पॅड हमखास अडकतो. हँडलवरचा हात सैल सोडा, डोकं स्वतःहून सपाट बसेल.

तरीही अडकतोय? पॅडची जाडी मोजा. ३० मिलिमीटर किंवा त्याहून जाड मऊ पॅड यंत्राची हालचाल स्वतःच पिऊन टाकतो. २० ते २५ मिलिमीटरचा लावा. पॅडचा व्यासही प्लेटपेक्षा १५ ते २५ मिलिमीटरच जास्त हवा, म्हणजे १२५ च्या प्लेटवर १४० ते १५० चा. त्याच यंत्रावर १८० चा पॅड लावून ताकद नाही म्हणणं बरोबर नाही. कंपाउंडने थबथबलेला पॅडही जड होऊन थांबतो.

यातलं काहीच नसेल तर स्वस्त यंत्रांच्या एका ठरलेल्या खोडीकडे या. प्लेटच्या वर, डोक्याच्या खालच्या अंगाला एक रबरी कडं असतं. हवेत पॅड बेफाम पळू नये म्हणून ते प्लेटला हलकं टेकलेलं असतं. कारखान्यात अंतर नीट ठेवलेलं नसेल तर ते हलकं टेकण्याऐवजी करकचून घासतं. प्लग काढा, प्लेट उघडा आणि तिची पाठ बघा. गोल काळा चकचकीत पट्टा आणि रबराचा भुगा दिसला तर दोष सापडला. स्पिंडल आणि प्लेटच्या मध्ये अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा वॉशर घाला आणि पुन्हा आवळा. वॉशर त्याहून जाड नको, नाहीतर आटे पुरेसे पकडत नाहीत.

काळा पट्टा नाही आणि प्लेट हातानेही खरखरत फिरते, असं असेल तर बेअरिंग गेलं आहे. ते प्रमाणित मापाचं असतं, म्हणून घाबरायचं कारण नाही. अंगावरचा नंबर वाचा. ६००१-२आरएस असेल तर आतला व्यास १२, बाहेरचा २८ आणि जाडी ८ मिलिमीटर, दोन्ही बाजूंना रबरी सील. बेअरिंग विकणाऱ्या कुठल्याही दुकानात चांगल्या कंपनीचं मिळेल. स्वस्त पॉलिशरमध्ये चांगलं बेअरिंग टाकणं हा त्यातल्या त्यात सगळ्यात शहाणा खर्च.

प्रश्न : ड्रिलला लावायची पॉलिशिंग चकती फार स्वस्त मिळते. चालेल?

उत्तर : हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचेपुरती चालेल. ड्रिलची बेअरिंगं सरळ पुढे ढकललेला जोर सोसायला असतात, पॉलिशिंगमध्ये जोर बाजूने येतो. शिवाय दोन्ही हातांनी सपाट धरायची सोय नाही, त्यामुळे पॅडची कडच टेकते आणि रंगावर चंद्रकोरीसारखे पट्टे उठतात.

प्रश्न : स्वस्त यंत्राने गाडीचा रंग जळतो, असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : रोटरीबद्दल वर लिहिलं आहे. ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये रंग जाळायला बरीच मेहनत घ्यावी लागते, पण रंग किती पातळ असतो ते माहीत हवं. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. मध्यम पॉलिशच्या एका हाताने त्यातला एक ते तीन मायक्रॉन जातो, खरबरीत कंपाउंडने आणखी. उन्हापासून रंग वाचवणारी द्रव्यं याच थरात असतात, म्हणून दर दोन महिन्यांनी ‘जरा चमकवून घेऊ’ हा शौक गाडीला महाग पडतो.

पद्धत अशी ठेवा. गाडी धुऊन आणि क्लेने (गाडीसाठी मिळणाऱ्या चिकणमातीसारख्या वडीने) रंगात रुतलेले कण काढून घ्या. पत्र्याच्या कडा, रबर आणि काळ्या प्लास्टिकवर मास्किंग टेप लावा, कारण कडेवर रंग मुळातच पातळ असतो. एका वेळी ४५ बाय ४५ सेंटिमीटरचाच चौकोन घ्या. कोऱ्या पॅडला आधी पातळ थर चोळून घ्या, मग मटाराच्या दाण्याएवढे चार-पाच थेंब. यंत्र बंद असतानाच पॅड पत्र्याला टेकवा, १ वर पसरवा, मग ४ किंवा ५ वर न्या. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, यापेक्षा जलद नको. बहुतेकांची चूक इथेच होते, इस्त्री फिरवल्यासारखा हात फिरतो आणि ओरखडे तसेच राहतात. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत आधी आडवे, मग उभे, असे चार ते सहा हात द्या.

प्रत्येक चौकोनानंतर तळहात टेकवून बघा. दोन-तीन सेकंद सहज ठेवता आला पाहिजे. पत्रा उष्णता पसरवतो, बंपरचं प्लास्टिक पसरवत नाही, म्हणून बंपरवर वेग ३ च्या पुढे नेऊ नका. शेवटी चौकोन पुसून टॉर्च तिरका धरून बघा. त्याआधी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, साधारण एकाला चार पाणी, पुसलंत तर खरं काय ते कळेल. काही पॉलिशमधलं तेल ओरखडे भरून टाकतं आणि ते गेले असं वाटतं, दोन धुलाईंनंतर पुन्हा हजर.

सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात करा. काम झालं नाही तरच एक पायरी वर चढा.

प्रश्न : अर्धा तास चालवलं की बोटं बधिर होतात. स्वस्त यंत्र म्हणून असं होतं का?

उत्तर : बहुतेक वेळा हो, आणि हे अंगावर काढायचं दुखणं नाही. यंत्राच्या माहितीपत्रकात कंपनांचा आकडा मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात दिलेला असतो. आठ तासांच्या दिवसात हाताला सरासरी २.५ पेक्षा जास्त पडू लागलं की मालकाने उपाय करावेत आणि ५ च्या वर जाऊच देऊ नये, असा युरोपीय संघाचा २००२ चा निर्देश आहे. हिशोब सरळ भागाकाराचा नाही, वेळेच्या वर्गमुळाचा आहे. म्हणजे ५ आकड्याचं यंत्र २.५ ची पातळी दोन तासांत गाठतं, आणि १० आकड्याचं अर्ध्या तासातच. आकडा दुप्पट झाला की वेळ चौथाईवर येतो. माहितीपत्रकात हा आकडाच नसेल तर कारण समजून घ्या.

घरच्या घरी एवढं करता येईल : पातळ आणि हलका पॅड लावा, वेग ६ वरून ४.५ वर आणा, मूठ आवळून धरू नका आणि पंधरा मिनिटांनी हात मोकळा करा. पॅड प्लेटवर नेमका मध्यभागी चिकटवा. पाच मिलिमीटर सरकला तरी चांगलं यंत्रही दाणदाण हादरतं.

प्रश्न : नवीन स्वस्त घ्यावा की त्याच किमतीत जुना, चांगल्या कंपनीचा?

उत्तर : जुना चांगला, पण ब्रशच्या टोप्या उघडून दाखवणाऱ्याकडूनच घ्या. कार्बन ब्रश सहा मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर बदलायला आला, आणि बदलायचा तर दोन्ही बाजूंचा एकदम. नवे ब्रश बसवल्यावर दहा-पंधरा मिनिटं मधल्या वेगावर, काही न दाबता चालवा, म्हणजे त्यांचं तोंड कॉम्युटेटरच्या (ब्रश टेकतात त्या तांब्याच्या गोल भागाच्या) गोलाईवर बसतं. कॉम्युटेटरचं तांबं तपकिरी आणि एकसारखं दिसायला हवं. काळे जळके डाग किंवा बोटाला लागणारी चर असेल तर आर्मेचरचा, म्हणजे मोटरच्या अख्ख्या फिरत्या भागाचा, खर्च आला, आणि तो जुन्या यंत्राच्या किमतीला गिळून टाकतो.

प्रश्न : बॅटरीवरचा स्वस्त पॉलिशर कसा?

उत्तर : हिशोब करा. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ९० वॅट-तास. यंत्राने सरासरी ३०० वॅट ओढले तर १८ मिनिटं. एका गाडीचं काम चार-पाच तासांचं असतं. खोक्यावरचे २० व्होल्ट आणि १८ व्होल्ट बहुतेक वेळा एकच असतात, आत पाचच सेल. मेण लावायला किंवा दरवाज्याच्या खाचेतल्या छोट्या पॅडला बॅटरी बरी. पहिलं यंत्र वायरचंच घ्या.

प्रश्न : पहिल्याच दिवशी पॅडचं वेल्क्रो सुटलं आणि प्लेटचे हूक वितळून सपाट झाले. वॉरंटीत येईल का?

उत्तर : प्लेट आणि पॅड झिजणाऱ्या वस्तू धरतात, त्यामुळे सहसा नाही. थांबलेल्या पॅडवर जोर लावत राहिलात की उष्णता मध्यभागी साठते, आधी डिंक सुटतो आणि मग हूक वितळतात. एका पॅडवर अख्खी गाडी केली की हेच होतं. दर चौकोनानंतर नायलॉनच्या ब्रशने पॅड झाडा, दर एक-दोन भागांनंतर पॅड बदला आणि वापरलेला थंड होऊ द्या. पॅड काढताना एका कोपऱ्याला धरून ओढू नका, बोटं प्लेट आणि फोमच्या मध्ये सरकवून गोल सोडवत या.

प्रश्न : पैसे मोजकेच आहेत. यंत्रावर किती आणि बाकीच्यावर किती घालू?

उत्तर : निम्मे यंत्रावर, निम्मे बाकीच्यावर. स्वस्त यंत्राबरोबर फुकट आलेले पॅड, लोकरीची टोपी आणि छोट्या बाटल्या बाजूला ठेवा. ते पॅड तासाभरात फाटतात, आणि लोकरीच्या टोपीत अडकलेला एक खडा अख्ख्या दारावर गोल चरे पाडू शकतो. एका गाडीला मध्यम फोमचे चार ते सहा पॅड, खरबरीत दोन, शेवटच्या हाताचे मऊ दोन, एवढे लागतात. रंगावरून पॅड ओळखू नका, एका कंपनीचा नारिंगी दुसऱ्या कंपनीच्या निळ्याएवढा कडक असू शकतो. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. कंपाउंड एक, बारीक पॉलिश एक, मायक्रोफायबरचे दहा-बारा कपडे, टेप आणि टॉर्च. यातून काही उरलं तर दुसरी बॅकिंग प्लेट आणि ब्रशची ती जोडी.